पोळ्यात ट्रॅक्टर चालतो का?

पुण्यात भाच्याचं ‘आर्ट प्रोजेक्ट’ मीच करून टाकलं आणि ‘ए प्लस’ मिळवला. मग पोळ्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला गेले. तिथे दुसरीतल्या एका पोराने मातीतून जे काही काढलं, ते बघून माझा ‘ए प्लस’ परत करावासा वाटला...

रात्रीचे साडेदहा. एका आर्टिकलची डेडलाइन कशीबशी गाठून मी नुकतीच सोफ्यावर अंग टाकलं होतं, तोच ताईचा फोन. “ऐक ना, याचं प्रोजेक्ट उद्या सबमिट करायचंय. ‘अवर हेल्पर्स’ विषय आहे. तुला असलं छान जमतं. येतेस का?”

गेले. भाचा दुसरीत. मी पोचले तेव्हा साहेब गाढ झोपले होते आणि डायनिंग टेबलवर आमची नाइट शिफ्ट सुरू झाली. जिजू नेटवरून पोस्टमन, डॉक्टर आणि शेतकऱ्याची चित्रं शोधून प्रिंट काढत होते, ताई त्यांच्या कडा कापत होती आणि मी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर चिकटवत होते. आपल्या लहानपणी या जागी थर्माकोल असायचा. २०१८ मध्ये राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, मग फोम शीट आली. बाकी सीन तोच! साहित्याचं बिल साडेसातशे रुपये. रात्री एक वाजता आम्ही तिघांनी आपापल्या कामगिरीचे फोटो काढले. अगदी खरं सांगायचं तर मजा आली यार.

सकाळी भाच्याने दात घासता घासता त्या कलाकृतीला एक चक्कर मारली. मग म्हणाला, “मावशी, टीचरने विचारलं तर यात मी काय केलं म्हणून सांगू?”

“रंग तू निवडलेस असं सांग,” ताई म्हणाली. रंगही त्याने निवडले नव्हते.

तुमच्याकडेही हे होतंच की. स्वतःचं मूल नसेल तर भाचा असतो, पुतणी असते, नाहीतर ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधली कुणीतरी ‘प्लीज, जरा कलर प्रिंटर वापरू का’ म्हणत उभी असते. आपली पिढी तर या बाबतीत एकदम तयार. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि तिच्यावर वाकलेलं नारळाचं झाड, आकाशात इंग्रजी ‘एम’सारखे पक्षी. ‘निसर्गचित्र’ म्हटलं की हात आपोआप चालतो. पुढे आठवी-नववीत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे पेपर द्यायचे आणि सर्टिफिकेट फाइलला लावायचं. त्या परीक्षांनी कित्येकांना चित्रकलेची वाट दाखवली, हेही खरंच. पण ‘एलिमेंटरी’च्या आधी जी खरी प्राथमिक शाळा असते, सहा ते दहा वर्षांच्या मुलांची, तिथे चित्रकला कोण शिकवतं?

उत्तर कायद्यातच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी. तीही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला असं कुणीच नाही. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ आहे. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण एकत्र बांधलंय आणि ते वर्गशिक्षकानेच घ्यायचं. म्हणजे गणित, मराठी, परिसर अभ्यास, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं झाल्यावर वेळ उरला तर चित्रकला. तो सहसा शनिवारी उरतो.

या रामायणानंतर महिन्याभराने माझी रूममेट म्हणाली, “पोळ्याला गावी चल.” ती नेरची.

नेर, व्हाया बडनेरा

रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचं आणि यवतमाळची एसटी धरायची. अमरावती-यवतमाळ रस्त्यावर नेर लागतं. जुनी माणसं अजून ‘नेर परसोपंत’ म्हणतात. तालुक्याचं ठिकाण, भोवती सगळीकडे सोयाबीन, तूर आणि कपाशी. ऑगस्ट संपत आला की हा सगळा पट्टा इतका हिरवा असतो की यवतमाळबद्दल आपण पेपरात जे वाचलेलं असतं, ते तासभर तरी आठवत नाही.

रूममेटचा आतेभाऊ तालुक्यातल्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. सगळे त्याला ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणते. पोळ्याच्या चार दिवस आधी मी शाळेत गेले तेव्हा व्हरांड्यात पस्तीसेक पोरं कोपरापर्यंत चिखलात बुडालेली होती. दुसऱ्या मॅडम वर्गात पाढे घेत असल्याचा आव आणत होत्या, पण त्यांच्याही हाताला माती होतीच.

तान्ह्या पोळ्याची तयारी चालली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगते, श्रावण अमावास्येला बैलांचा मोठा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, ही खास विदर्भाची मिजास. नागपूरच्या दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असं सांगतात. मुलांनाही आपला पोळा हवा, म्हणून लाकडाचे बैल. पायाखाली चाकं, गळ्यात दोरी. मुलं ते सजवून तोरणाखाली उभे करतात, मग घरोघर नेतात. घरची बाई बैलाला ओवाळते आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवते. त्याला म्हणायचं बोजारा. विचार करा, मुलाने वस्तू सजवायची, गावाला दाखवायची आणि त्याचं मानधनही घ्यायचं. एवढं कम्प्लीट आर्ट प्रोजेक्ट कुठल्या इंटरनॅशनल स्कूलच्या ब्रोशरमध्ये आहे?

पण इथेही एक गोची झालीय. बाजारात सागवानी बैल मिळतो, रंगवलेला, बेगड लावलेला, झूल घातलेला. ज्याच्या बापाकडे पैसे, त्याचा बैल मोठा. स्पर्धेत नंबरही त्याचाच. “पोराचं काम फक्त दोरी ओढाचं,” सर म्हणाले. म्हणून त्यांनी दोन वर्षांपासून शाळेत मातीचे बैल सुरू केले. ज्याला लाकडी आणायचा त्याने आणावा, पण शाळेत बसून प्रत्येकाने एक मातीचा करायचा.

पहिल्या वर्षी सगळे बैल फुटले. शेतातली काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला ज्या भेगा पडतात, त्याच भेगा बैलाच्या पाठीला. पोरं रडली. मग गावातल्या कुंभाराच्या आजीने सरांना वेड्यात काढलं. “काळीचा बैल करते का कोणी?” तिने सांगितलं ते असं: नाल्याकाठची पिवळसर माती घ्या, काळी थोडीच मिसळा, खडे वेचा, रात्रभर भिजवा आणि कुटताना त्यात कापूस पिंजून घाला. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात. कापसाच्या जिल्ह्यात हे शाळेला कुंभाराच्या आजीकडून कळावं लागलं! पाय लावायचे तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून पातळ चिखलाने सांधायचं. वाळवायचं सावलीत. श्रावणातल्या दमट हवेत तीन-चार दिवस लागतात, तोवर खिडकीत ओळीने बैल बसलेले.

रंगांचं बजेट शून्य. गेरू, चुना, कोळसा, कपड्यांची नीळ, हळद. सरांनी हळदीच्या वाटीत चुन्याची निवळी टाकली आणि पिवळ्याचं झर्रकन लाल झालं. जो काही गोंगाट उठला! पुढची वीस मिनिटं शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते स्वतः करून बघायचं होतं. मलाही.

पोटातला चारा

माती वाळेपर्यंत सर मुलांना बैलाची चित्रं काढायला लावतात. मी मागे बसून बघत होते. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या कागदावर काय यावं? दोन डोंगर, मधून सूर्य आणि नारळाचं झाड! नेर तालुक्यात! ज्या मुलांनी आयुष्यात नारळाचं झाड पाहिलेलं नाही, त्यांनाही ते काढता येतं. चित्र असंच असतं, हे त्यांना कुठून तरी कळलेलं असतं.

सर काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “आता घरून शाळेत येताना काय काय लागते, थे काढा.” मग कागद बदलले. हातपंप आला, पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला बाप आला, बकऱ्या आल्या, मोबाइलचा टॉवर आला. एका मुलीच्या बैलाचे चारही पाय एकाच बाजूला होते आणि पोट पारदर्शक, आत चारा दिसत होता. “पोटात चारा हायेच न,” ती म्हणाली. मुद्दा बरोबर होता.

हे ‘एक्स-रे’ चित्र जगभरातली मुलं काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांच्या वाढीवर एक पुस्तक लिहिलं, ते आजही या विषयात आधाराला घेतात. साधारण सात ते नऊ या वयात मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं, असं त्यात आहे. जमिनीची एक रेघ, तिच्यावर सगळे उभे. आकाश वर पट्टीसारखं. महत्त्वाचं ते मोठं, बाकीचं छोटं. आपण मोठे तिथे जातो आणि म्हणतो, “अरे, पाय असे नसतात.” तयार चित्रांत रंग भरायची पुस्तकं लोवेनफेल्डला अजिबात पसंत नव्हती. आणि वाढदिवसाला आपण नेमकी तीच देतो, वर क्रेयॉन्सची पेटी फ्री. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ मध्ये मुलांचा चित्रांचा वर्ग काढला, त्याचंही म्हणणं हेच होतं की मुलांना काढू द्या, मध्ये लुडबुडू नका.

हे सगळं फॉरेनचं वाटत असेल तर नेरच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात या. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली आणि १९४४ मध्ये सेवाग्रामच्या शाळेत देवीप्रसाद नावाचा तरुण कलाशिक्षक आला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला. म्हणजे ज्यांनी १९३६च्या फैजपूर काँग्रेसची सजावट खेड्यात मिळणाऱ्या बांबू-गवतातून केली, त्यांचा विद्यार्थी. देवीप्रसाद कुंभारकामही करायचे, फोटोही काढायचे. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामला होते. मुलांबरोबरच्या त्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक हिंदीत आणि इंग्रजीत आहे. कला हा वेगळा तास नाही, शिकण्याचा पाया आहे, हा त्यातला मुद्दा. आता २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणातही ‘कला-समाकलित शिक्षण’ असा जड शब्द आहे. सरांना मी तो ऐकवला. ते म्हणाले, “हाव, त्याचं एक ट्रेनिंग झालं. पीपीटी होती.”

याले वेसण कुठं घालशील?

तर मातीच्या दिवशी सगळ्यांचे बैल होत असताना, कोपऱ्यात दुसरीतला एक मुलगा काहीतरी वेगळंच करत होता. दोन मोठी चाकं, दोन लहान, मध्ये एक ठोकळा.

“तू बैल काऊन नाई बनवून रायला?” सरांनी विचारलं.

“आमच्या घरी बैल नाई, सर. बाबानं मागच्या साली विकले. आता ट्रॅक्टर येते भाड्यानं.”

वर्गात स्फोट. चौथीतली एक मुलगी, वेण्या घट्ट आणि मतंही घट्ट, उभीच राहिली. “पोळा बैलाचा असते! ट्रॅक्टरचा थोडीच असते!” दुसरा म्हणाला, ट्रॅक्टरला देव नसतो. तिसरा म्हणाला, असते, आमच्या घरी दसऱ्याला पुजते. दहा मिनिटं जी वादावादी झाली, ती मी बऱ्याच न्यूज चॅनेलवर यापेक्षा वाईट दर्जाची पाहिलीय. सरांनी निकाल दिला नाही. “वाळू तर द्या,” म्हणाले.

संध्याकाळी ते मला सांगत होते. शाळेतल्या पस्तिसांपैकी सात-आठ घरांतच आता बैलजोडी उरलीय. चारा महाग, बैल महाग, आणि दोन-तीन एकरांसाठी वर्षभर जोडी पोसायची कशी? त्या मुलाच्या घरची जोडी गेली त्या दिवशी तो शाळेत आला नव्हता. “मी त्याले म्हणू शकत होतो, का बैलच कर म्हणून. त्यानं केलाही असता. पण मंग तो त्याचा बैल नसता, माहा असता.”

मला डायनिंग टेबलवरचं काड्यांचं घर आठवलं. फोटोतून कापलेला शेतकरी मी त्याच्या दारात उभा केला होता. डोक्याला फेटा, खांद्यावर नांगर, शेजारी दोन धष्टपुष्ट बैल.

मोठ्या पोळ्याला गावच्या तोरणाखाली अकरा जोड्या आल्या. झुली, बाशिंगं, घुंगरमाळा, शिंगांना रंग, झडत्यांचा पुकारा, सगळं होतं, फक्त मैदान मोठं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत तान्हा पोळा. आंब्याच्या पानांचं तोरण, ओळीने लाकडी आणि मातीचे बैल. आणि शेवटी ट्रॅक्टर. गेरूने लाल केलेला, चाकं कोळशाची. बॉनेटवर आईच्या साडीच्या काठाची झूल आणि पुढे चॉकलेटच्या चांदीचं बाशिंग.

वेणीवाली त्याच्यासमोर उभी. “याले वेसण कुठं घालशील?”

“याले स्टेअरिंग असते,” तो म्हणाला. तिने बराच वेळ बघितलं आणि आपल्या बैलाच्या गळ्यातली एक जादा माळ काढून हेडलाइटला अडकवली. मग मागे सरकून परत एकदा बघितलं. तिचं समाधान झालेलं नव्हतं, पण माळ तशीच राहिली.

आता माझी फजिती. बक्षिसाच्या वह्या देणारे गावातले एक आजोबा माइकवर म्हणाले, “पुण्यावरून पत्रकार मॅडम आल्या आहेत, त्याच नंबर काढतील.” झालं! मी, जिने महिन्यापूर्वीच दुसरीच्या मुलाचा ‘ए प्लस’ ढापला होता, ती परीक्षक! काय विचारायचं ते सुचेना, म्हणून भाच्याचाच प्रश्न फिरवून प्रत्येकाला विचारला. “यात तू काय केलंस?”

सगळ्यात मोठा सागवानी बैल आणलेल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं, “मी दोरी बांधली. बाकी बाबानं केलं.” एकाने सांगितलं, शिंगं तीनदा पडली. पारदर्शक पोटवालीचा बैल एका खड्याच्या टेकूवर उभा होता, कारण एक पाय आखूड. “थो लंगडते,” ती म्हणाली. “आमचाही लंगडते.” पहिला नंबर मी तिला दिला. दुसरा, तिसरा असेच दोन मातीच्या बैलांना. वह्या देणारे आजोबा जरा नाराज झाले, सागवानी बैल त्यांच्या नातवाचा होता.

ट्रॅक्टरला मी नंबर दिला नाही. मनात पहिला तोच होता. पण आजोबा शेजारी उभे होते, त्यांनी आधीच एकदा सरांना म्हटलं होतं, “गुरुजी, हे काय लावलं? सणाचं काम आहे.” मी पाहुणी, सरांना उद्या याच गावात राहायचंय, अशी सगळी कारणं मी स्वतःला दिली. रूममेट म्हणते, बरोबर केलंस. मला अजून तसं वाटत नाही. पुण्यातल्या त्या रात्रीपेक्षा हे मला जास्त टोचतं, कारण तिथे निदान मूल झोपलेलं होतं.

त्या पोराला मात्र काही सोयरसुतक नव्हतं. तोरण तुटल्याबरोबर तो बोजारा गोळा करायला पसार. मी आणि रूममेट मागे मागे. ट्रॅक्टरला दोरी बांधलेली नव्हती, माती तुटेल म्हणून त्याने तो दोन्ही हातांवर धरला होता. दोन घरी लोक हसले आणि पैसे दिले. तिसऱ्या घरी कुणी दार उघडलं नाही. चौथ्या घरी तीच कुंभाराची आजी होती. तिने ताट आणलं, कुंकू लावायला कपाळ शोधलं, ते सापडेना, शेवटी बॉनेटला लावलं. पुरणपोळीचा तुकडा हातात धरून तिने त्याला विचारलं, “तुह्या बैलाले काय चारू रे बाप्पा?”

“डिझेल,” तो म्हणाला, आणि पुरणपोळीचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.